फवारणाऱ्या गड्याचा जीव कुणाच्या हिशेबात?

(जिल्हा बैठकीतील भाषण)



कापसाच्या भावाबद्दल आपण पुष्कळदा बोलतो. आज कापसावर फवारणी करणाऱ्या माणसाबद्दल बोलायचे आहे.

२०१७ चा खरीप यवतमाळ जिल्हा विसरणार नाही. पऱ्हाटी डोक्याएवढी वाढलेली, दाटलेली, वर अळी. दोन-तीन औषधे एकत्र करून बॅटरीच्या जोरदार पंपाने फवारे उडाले. झाडच माणसाएवढे, त्यामुळे तुषार तोंडावर आले, घामाने भिजलेल्या कातडीतून विष अंगात गेले. वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. शेकडो दवाखान्यात गेले.

मग सुरू झाली बोटे दाखवण्याची शर्यत. शेवटी दोष कुणाचा? तर मजुराचा! त्याने तोंड बांधले नाही, हातमोजे घातले नाहीत. पण १९७१ च्या कीटकनाशक नियमांत काय म्हटले आहे? औषध हाताळणाऱ्याला संरक्षक कपडे असले पाहिजेत; कारखानदार आणि विक्रेत्यांनी प्रशिक्षणाची सोय केली पाहिजे. २०१७ पर्यंत या नियमांना ४६ वर्षे झाली होती. या ४६ वर्षांत आपल्या गावात शिकवायला कोण आले? हा जाब आपण विचारणारच.

पण जाब विचारायचा तर आपल्या बांधावरही पाहावे लागेल. कारखान्यातल्या कामगाराच्या जिवाची जबाबदारी मालकावर, हे १९४८ च्या कारखाने कायद्याने ठरवले. शेतात कारखान्याचा इन्स्पेक्टर येत नाही. म्हणून शेतात मालक नसतो काय? ज्या दिवशी आपण रोजाने गडी लावतो, त्या दिवशी मालक आपणच. आणि पंप आपल्याच पाठीवर असतो, तेव्हा मालकही आपण, मजूरही आपण.

मग मालकाने करायचे काय? हातमोजे, चष्मा, मास्क, अंगभर कपडे आपण द्यायचे. गळका पंप द्यायचा नाही. औषधे मनाने मिसळायची नाहीत. भर उन्हात आणि वाऱ्याच्या तोंडी फवारायचे नाही. नोझल तुंबले तर तोंडाने फुंकू द्यायचे नाही. मजुरी पंपामागे ठरली की माणूस घाई करतो. म्हणून दिवसाचा रोज ठरवा. धुऱ्यावर साबण-पाणी ठेवा. मळमळ, घाम, लाळ, डोळ्यांपुढे अंधारी आली की काम बंद, कपडे उतरवा, अंग धुवा आणि औषधाच्या डब्यासह दवाखाना गाठा. अ‍ॅट्रोपिनचे इंजेक्शन प्रत्येक विषावर चालत नाही. डबा पाहिला तर डॉक्टरला उपाय लवकर ठरवता येतो.

याला पैसा लागतो. कोरडवाहू शेतकऱ्याने तो आणायचा कुठून? आमचे उत्तर सरळ आहे : गड्याच्या सुरक्षेचा खर्च हा उत्पादन खर्च आहे. बियाणे-खताचा हिशेब धरता, तसा हाही धरा आणि भावात द्या.

आणखी एक गोष्ट. गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात योजनेत फवारणीच्या विषबाधेने मृत्यू झाल्यास २ लाख रुपये मिळतात. पण ते खातेदाराला आणि त्याच्या घरातल्या एकाला. ज्याच्या नावावर सातबारा नाही, त्या मजुराच्या विधवेने कुठे जायचे? विष सातबारा पाहून चढत नाही. भूमिहीन मजुरालाही हेच संरक्षण मिळाले पाहिजे, ही मागणी आपण शेतकऱ्यांनीच केली पाहिजे.

पुढच्या फवारणीआधी प्रत्येक गावाने बैठक घ्यावी, गड्यांना सोबत बसवावे. आपल्या वावरात कामाला आलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी गेला पाहिजे.