वेळ अमावास्या : ऐन हंगामातील सवड
लातूर, धाराशिव आणि लगतच्या भागांत मार्गशीर्ष अमावास्येला साजरी होणारी वेळ अमावास्या, म्हणजेच ‘येळवस’, रब्बीच्या ऐन धांदलीत येत असली, तरी त्या दिवशी कामे बाजूला ठेवून अख्खे घर शेतावर जाते. तेथे कडब्याची कोप, म्हणजे तात्पुरती खोपी, उभारून तीत पांडवांची पूजा होते आणि ताक व ज्वारीच्या पिठाची आंबील पिकांवर शिंपडली जाते. ओल्या तुरी, वाटाणा, हरभरा यांच्या दाण्यांना बेसन लावून शिजवलेली भज्जी, उंडे व खीर यांच्या वनभोजनाला शेत नसलेल्या स्नेह्यांनाही आवर्जून बोलावले जाते. सवडीचा दिवस पंचांगानेच नेमून दिल्यामुळे तो कामाच्या रेट्यात पुढे ढकलला जात नाही.