पारिभाषिक शब्दाचा वाक्यात उपयोग
(शिक्षकांच्या सभेत झालेले भाषण)



‘वाक्यात उपयोग करा’ हा भाषेच्या तासाचा जुना प्रश्न होय. तो वाक्प्रचारांपुरता ठेवावा आणि शास्त्रातील पारिभाषिक शब्दाची केवळ व्याख्या पाठ करून घ्यावी, अशी वाटणी पुष्कळ शाळांत आढळते. भाषेचा शिक्षक म्हणतो, शब्द विज्ञानाचा आहे. विज्ञानाचा शिक्षक म्हणतो, वाक्यरचना हे भाषेचे काम. या वाटणीत विद्यार्थ्याला शब्द मिळतो, पण अर्थ हाती लागत नाही.

उदाहरणादाखल एकच शब्द घ्यावा. नभोवाणीवरून येणारा संदेश कितपत स्वच्छ आहे, हे सांगण्यासाठी ‘संकेत-गोंगाट गुणोत्तर’ हा शब्द योजता येतो. इंग्रजीत त्यास ‘सिग्नल टू नॉइज रेशो’ म्हणतात. केंद्राकडून येणारा, हवा असलेला संदेश हा संकेत. विजेच्या चमकण्याने होणारी कडकड, जवळच्या मोटारीची खरखर, यंत्राच्या घटकांतच उत्पन्न होणारी सूक्ष्म खळबळ, हा सर्व गोंगाट. संकेताची शक्ती गोंगाटाच्या शक्तीच्या किती पट आहे, हे सांगणारी संख्या म्हणजे हे गुणोत्तर. ते डेसिबलमध्ये मोजतात : दोन्ही शक्ती समान असता ०, संकेत दहापट असता १०, शंभरपट असता २०, हजारपट असता ३०.

आता विद्यार्थ्याने लिहिले, “आम्ही आज संकेत-गोंगाट गुणोत्तर शिकलो.” कर्ता आहे, क्रियापद आहे, शुद्धलेखनही निर्दोष आहे. परंतु त्या जागी ‘त्रिकोणाचे क्षेत्रफळ’ घातले, तरी वाक्य तसेच उभे राहते. अशा वाक्याने अर्थज्ञानाची कसलीही साक्ष मिळत नाही.

दुसरा लिहितो, “रात्री संकेत-गोंगाट गुणोत्तर मोठ्याने ऐकू आले.” ऐकू येतो तो आवाज, गुणोत्तर ही संख्या आहे. ती वाढते, घटते, मोजली जाते. शब्दाशी कोणते क्रियापद जुळते, हे कळणे हाच अर्थ कळण्याचा अर्धा भाग होय.

तिसरा लिहितो, “रेडिओचा आवाज वाढविल्यामुळे संकेत-गोंगाट गुणोत्तर वाढले.” हे वाक्य व्याकरणशुद्ध, पण असत्य आहे. आवाजाची कळ फिरविली असता बातम्यांबरोबर खरखरही तितकीच वाढते. गुणोत्तर होते तेथेच राहते. येथे तांबडी रेघ ओढून पुढे जाऊ नये. याच चुकीतून पाठ सुरू करावा.

त्यासाठी एक साधा प्रयोग पुरेसा आहे. एका मुलाने फळ्याजवळ उभे राहून उतारा वाचावा व बाकीच्यांनी आपसात कुजबुजावे. मागच्या बाकावरील मुलाला शब्द कळेनासे होतात. वाचणाऱ्याने आवाज चढविला, तर शब्द कळतात. वर्ग शांत झाला, तर वाचणाऱ्याने आवाज न चढविताही ते कळतात. गुणोत्तर सुधारण्याचे हे दोन मार्ग मुलांना कानांनीच समजतात.

यानंतर मुले लिहू शकतील : “शेजारची मोटार बंद करताच संकेत-गोंगाट गुणोत्तर वाढले आणि बातम्या स्वच्छ ऐकू आल्या.” किंवा, “संकेत क्षीण असला तरी गोंगाट त्याहून पुष्कळ कमी असल्यामुळे संकेत-गोंगाट गुणोत्तर चांगले होते.” या वाक्यांत कारण आहे व परिणामही आहे. शब्द काढला, तर अर्थ ढासळतो.

वरच्या वर्गाला पुणे जिल्ह्यातील खोडद परिसराचे उदाहरण द्यावे. तेथील रेडिओ दुर्बिणीत प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना आहेत. आकाशस्थ ज्योतींकडून येणारे संकेत अत्यंत क्षीण असतात. म्हणून मानवनिर्मित रेडिओ गोंगाट कमी असलेले ठिकाण तिच्यासाठी निवडण्यात आले. “दुर्बिणीसाठी शांत जागा का हवी?” या प्रश्नाचे उत्तर हाच शब्द योजून लिहावयास सांगावे.

वही तपासताना शिक्षकाने तीन गोष्टी पाहाव्यात. शब्द काढून दुसरा घातला, तर वाक्य बिघडते काय? क्रियापद शब्दाशी जुळते काय? विधान सत्य आहे काय? या तिन्ही कसोट्यांस उतरलेले एक वाक्य दहा पाठ व्याख्यांहून अधिक मोलाचे मानावे. कारण व्याख्या पुस्तकाची असते, वाक्य मुलाचे स्वतःचे असते.