जुन्या मोटारीची किल्ली

श्रोतेहो, मी महाविद्यालयात तर्कशास्त्र शिकवतो. आमच्या विषयात एक दृष्टान्त पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे : डोंगरावर धूर दिसतो आहे, अर्थात तेथे अग्नी असला पाहिजे. वीस वर्षे मी हे फळ्यावर लिहीत आलो. पण गेल्या पावसाळ्यात पुण्याहून साताऱ्याला परतताना, खंबाटकीच्या घाटात, तो धूर मला खुद्द आमच्याच मोटारीच्या डॅशबोर्डामागून निघताना दिसला. आणि खरे सांगतो, त्या क्षणी न्यायशास्त्रातले एकही वाक्य मला आठवले नाही!

मोटार म्हणजे १९७८ सालची प्रीमियर पद्मिनी. वडिलांनी ती १९८५ साली जुनी म्हणूनच घेतली होती. पुढे कारखान्यातून या गाड्या निघणे थांबले, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सीही गेल्या. आमची मात्र चालू होती. त्या दिवशी घाटात धुके दाटले होते म्हणून मी पुढचे पिवळे दिवे लावले. दोन वळणे गेलो नाही तोच इंजिन बंद! मागे ट्रक, शेजारी ऐंशी वर्षांचे वडील, मागच्या बाकावर आई. मी घाईने दिवे मालवले. वडील म्हणाले, “थांब, घाबरू नकोस.” त्यांनी हात लांबवून किल्ली जराशी वर उचलली आणि फिरवली. इंजिन सुरू झाले. किल्ली सोडली की पुन्हा बंद. तेव्हा मी गाडी हाकायची आणि त्यांनी किल्ली वर उचलून धरायची, अशा जोडकामाने आम्ही साताऱ्यास पोचलो.

दुसऱ्या दिवशी एका गॅरेजात गेलो. तेथे सल्ला मिळाला, “साहेब, हा स्विच टाका फेकून. दोन वायरी बाहेर काढून बटण लावतो.” आई म्हणाली, “त्यापेक्षा गाडीच विकून टाका आता.” वडील काही बोलले नाहीत. ते गप्प बसले की मला अधिक लागते.

शेवटी वडिलांच्या ओळखीचे एक मिस्त्री, आता काम सोडून घरीच असतात, ते आले. म्हणाले, “मास्तर, आधी हे काय आहे ते समजून घ्या. मग फेका.”

तर हे काय असते, ते थोडक्यात सांगतो. पूर्वी पुष्कळ गाड्यांत किल्लीने नुसती वीज जोडायची आणि सेल्फसाठी वेगळे बटण दाबायचे, अशी रीत होती. अमेरिकेत क्रायस्लरने १९४९ च्या मॉडेलांत किल्लीनेच सेल्फ फिरवण्याची सोय आणली, आणि पुढे ती सर्वत्र रूढ झाली. म्हणजे आपल्या हातातल्या किल्लीमागे दोन निरनिराळ्या वस्तू असतात. पुढे कुलूप, मागे विजेचा स्विच. कुलपात पातळ पितळी पट्ट्या असतात. किल्लीच्या खाचा बरोबर जुळल्या की त्या पट्ट्या सरकतात आणि गाभा फिरतो. गाभ्याच्या मागच्या टोकाला वीज न वाहणारी एक चकती, आणि तिच्यात धातूचे टेकू. स्प्रिंग हे टेकू एकमेकांवर दाबून धरते. पहिल्या टप्प्यावर बॅटरीची वीज कॉइलला मिळते. दुसऱ्या टप्प्यावर सेल्फला.

मिस्त्रींनी आधी मीटर मागवला. कॉइलला साधारण चार अँपिअर वीज लागते. स्विचच्या एका बाजूला पुरती वीज होती, दुसऱ्या बाजूला जवळजवळ पावणेदोन व्होल्ट कमी! म्हणजे टेकूंमध्ये अर्ध्या ओहमचा अडथळा बसला होता. अर्धा ओहम ऐकायला किरकोळ वाटतो. पण तेवढ्याने त्या इवल्याशा जागेत सहा वॅटच्या आसपास उष्णता तयार होते. उष्णतेने टेकू काळे पडतात, काळे पडले की अडथळा वाढतो, अडथळा वाढला की उष्णता आणखी. सावकाराच्या व्याजासारखा प्रकार!

मग दुरुस्ती. पहिले काम, बॅटरीची अर्थची वायर सोडवणे. हे विसरलात तर पान्हा कोठेतरी टेकून ठिणगी उडालीच म्हणून समजा. दुसरे, प्रत्येक वायरीला कागदाची चिठ्ठी बांधून आकडा घालणे आणि वहीत आकृती काढणे. “वायरीचा रंग लक्षात राहील म्हणणारा माणूस संध्याकाळपर्यंत रडतो,” इति मिस्त्री. मग पुढची गोल चकती सोडवून स्विच मागून बाहेर काढला. मागची चकती पत्र्याच्या चार कानांनी धरलेली होती. हे कान सावकाश सरळ करायचे. दोनतीनदा वाकवले की तुटतात. आणि उघडायचे ते परातीत. आईची परात मी मागितली तेव्हा तिने कपाळाला हात लावला, पण चकती सुटताच स्प्रिंग आणि एक छर्रा टणकन उडाला तो परातीतच पडला.

आतले टेकू कोळशासारखे झाले होते. रॉकेलने मळ काढला, अगदी बारीक पॉलिश पेपराने हलक्या हाताने घासले. जोरात घासू नये. वरचा चांगला थर जातो. स्प्रिंग तापून मऊ पडली होती, ती बदलली. टेकूंवर व्हॅसलिनचा पुसट हात दिला. कुलपात मात्र तेल घातले नाही. तेलावर धूळ बसते आणि पट्ट्या अडकतात. तेथे पेन्सिलीच्या शिशाची भुकटी चांगली. पुन्हा बसवण्यापूर्वी बारा व्होल्टच्या दिव्याने प्रत्येक टप्पा तपासला.

पण मिस्त्री उठेनात. म्हणाले, “हे झालं दुखणं. कारण कुठं आहे?”

आता मात्र माझा विषय आला. आमच्याकडे अन्वय-व्यतिरेक म्हणतात : हे असताना ते होते, हे नसताना ते होत नाही. मी आठवू लागलो. गाडी कधी बंद पडली? धुक्यात. धुक्यात काय केले होते? पिवळे दिवे लावले होते. मालवल्यावर? किल्ली धरून का होईना, गाडी चालली. वहीतली आकृती पाहिली. स्विचच्या कॉइलकडच्या टोकावर एक लाल वायर जादा होती. ती धरत धरत पुढे गेलो, तर ती थेट पिवळ्या दिव्यांना! पंचावन्न वॅटचे दोन दिवे, म्हणजे नऊ अँपिअरांहून अधिक वीज त्या बिचाऱ्या टेकूंवरून. मध्ये ना फ्यूज ना रिले. आवरण वितळून धूर निघाला तो या वायरीचा.

आणि श्रोतेहो, ही वायर जोडली कोणी? मीच! कॉलेजात असताना, १९९८ च्या सुमारास, मित्रांवर छाप पाडण्यासाठी. इतकी वर्षे मी वडिलांना सांगत होतो, “बाबा, तुम्ही किल्ली फार जोरात फिरवता.”

मी वडिलांकडे पाहिले. ते म्हणाले, “अरे, मला तेव्हाच शंका आली होती. पण तू आपल्या हातानं पहिल्यांदाच काही जोडलं होतंस.”

मिस्त्रींनी दिव्यांना बॅटरीवरून फ्यूज घालून वेगळी वायर दिली आणि मध्ये रिले बसवला. आता किल्लीच्या स्विचमधून दिव्यांसाठी फक्त इशाऱ्यापुरती वीज जाते. वडिलांचाही एक अपराध निघालाच. त्यांच्या जुडग्यात घराची, कपाटाची, तिजोरीची अशा सात किल्ल्या होत्या. तेवढे वजन हिंदकळत राहिले की कुलपाचा गाभा झिजतो. गाडीची किल्ली आता एकटी असते.

आपल्यापैकी कोणाकडे जुनी गाडी असेल, तर एवढे करा. किल्ली हलवल्यावर डॅशबोर्डावरचे दिवे लुकलुकतात का पाहा. चालत्या गाडीत स्विच हाताला गरम लागतो का पाहा. लागला, तर कुलपाला दोष देण्याआधी त्याच्या मागे कोणी काय काय जोडून ठेवले आहे ते मोजा. जोडणारा घरातलाच निघण्याचा संभव आहे.

दिवाळीनंतर आम्हा तिघांना पुन्हा पुण्यास जायचे आहे. विकण्याचा विषय आईने काढलेला नाही. परात मात्र तिने तीनदा घासून घेतली.