बोंबलाचे खोल समुद्रातील भाऊबंद

(संघाच्या तळोजे येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



बोंबलावर व्याख्यान म्हणजे रोजच्या भातावर व्याख्यान, असे येथे कित्येकांस वाटेल. तथापि ह्याच बोंबलाचे भाऊबंद समुद्राच्या खोल, अंधाऱ्या पाण्यात वस्ती करून आहेत, हे फार थोड्यांस ठाऊक असते.

आपल्या बोंबलाचे शास्त्रीय वर्णन प्रथम फ्रान्सिस हॅमिल्टन ह्यांनी १८२२ साली केले, तेही गंगेतील माशांवरच्या ग्रंथात. मुंबईचा तेथे संबंध नाही. पुढे ‘चॅलेंजर’ जहाजाच्या १८७२ ते १८७६ च्या सफरीत जपानकडील खोल पाण्यात तशाच घडणीचा मासा मिळाला. १८७८ साली गुंथर ह्यांनी त्यास ‘मायक्रोकायर’, म्हणजे आखूड हाताचा, असे नाव दिले. तिसरा भाऊ बंगालच्या उपसागरातला. ‘इन्व्हेस्टिगेटर’ ह्या सरकारी सर्वेक्षण जहाजाने तो वर आणला, आणि जहाजावरील डॉक्टर अल्कॉक ह्यांनी १८९१ साली त्याचे नाव ‘स्क्वॅमोसस’, म्हणजे खवलेवाला, असे ठेवले. हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेले होते, हे सांगताना आम्हांस थोडा अभिमान वाटतो.

सगळ्यांचा जबडा रुंद, दात बारीक व तीक्ष्ण. मग ओळखावे कसे? छातीकडील पर पाहावा. आपल्या बोंबलाचा पर लांब असतो, मागे सारला तर पोटाच्या परापर्यंत पोहोचतो. जपानकडील भावाचा आखूड, त्याचे नावच तसे आहे. येथील भगिनींस मात्र ताज्या बोंबलाची पारख आम्ही शिकवावी, हे हास्यास्पद ठरेल!

दुसरी खूण वस्तीची, आणि आमच्या मते तीच महत्त्वाची. आपला बोंबील किनाऱ्यालगतच्या उथळ, गढूळ पाण्यात, खाड्यांच्या मुखाशी राहतो. म्हणूनच भरती-ओहोटीच्या ओढीवर लावलेल्या डोलजाळ्यात तो सापडतो. गुजरातपासून उत्तर कोकणापर्यंत तो विपुल, रत्नागिरीच्या दक्षिणेस विरळ, आणि पुन्हा बंगालकडे मुबलक. खाडी नासली तर तो भावाकडे खोल समुद्रात राहावयास जाईल, अशी आशा कोणी बाळगू नये. नाते एक, पण बिऱ्हाडे निराळी.

आपल्या कासाडी नदीचे पाणी खाडीवाटे अखेर ह्याच उथळ किनाऱ्यास मिळते. तीत सोडल्या जाणाऱ्या कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न २०१८ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणापुढे नेण्यात आला. त्या वेळी मच्छीमार जे सांगत होते, ते बोंबलाच्या पत्त्याविषयीचेच होते.