पोलादाचे पाणी

मी कविता लिहितो आणि पोटासाठी कारखान्यात स्टोअर सांभाळतो. लोक पहिल्या गोष्टीबद्दल विचारतात. आज मी दुसरीबद्दल बोलणार आहे.

आमचे घराणे शिकलगारांचे. आजोबा आठवडी बाजारात विळे, कोयते, अडकित्ते नीट करून देत. पाते लालभडक तापवून ते पाण्यात बुडवत. चुर्र आवाज व्हायचा, आम्हा पोरांना तेवढीच मौज. मग ते पाते घासून पुन्हा मंद आचेवर धरत. त्यावर आधी पिवळट, मग तांबूस, मग जांभळा रंग सरकत यायचा. हवा तो रंग दिसला की पाते बाजूला. नुसते पाणी दिलेले पाते काचेसारखे असते, दगडावर बसले की तुकडा उडतो, असे ते म्हणत. मी मराठी घेऊन बी.ए. झालो, पण 'पाणीदार' या शब्दाचा अर्थ मला कळला तो भोसरीच्या एमआयडीसीत.

१९९३ साली मी तिथे एका डायकास्टिंगच्या कारखान्यात लागलो. दुचाकीच्या इंजिनाची झाकणे, कव्हरे असे भाग तिथे बनत. ६५०-७०० अंश सेल्सिअसचे वितळलेले अॅल्युमिनियम प्रचंड दाबाने पोलादी साच्यात, म्हणजे डायमध्ये, घुसवतात. सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत डाय भरते. भाग काढला की डायवर फवारा मारतात. क्षणापूर्वी उकळता धातू सोसलेल्या पृष्ठभागावर आता गार फवारा! असे दिवसभर, दर मिनिट-दीड मिनिटाला.

आतला पृष्ठभाग फुगू पाहतो, आकसू पाहतो. मागचे पोलाद त्याला हलू देत नाही. त्या ओढाताणीत बारीक चिरांचे जाळे पडते, उन्हाळ्यात आटलेल्या तळ्याच्या तळासारखे. धातू त्या चिरांत शिरतो आणि प्रत्येक भागावर उंच रेघा उमटतात. अॅल्युमिनियमची चांगली डाय लाखभर शॉट देते. जस्ताची त्याच्या कितीतरी पट, कारण जस्ताचे काम सव्वाचारशे अंशांच्या आसपास भागते.

या डायसाठी एच-१३ नावाचे पोलाद वापरतात. त्यात सुमारे ५ टक्के क्रोमियम, शिवाय मोलिब्डेनम आणि व्हॅनेडियम. हजाराहून थोड्या जास्त अंशांवर तापवून ते झपाट्याने थंड करायचे, मग साडेपाचशे ते सव्वासहाशे अंशांच्या दरम्यान टेम्परिंग. हीच आजोबांची मंद आच! पण इथे ती किमान दोनदा द्यावी लागते. पहिल्या टेम्परिंगनंतर पोलाद थंड होताना त्याचा काही भाग नव्याने कडक आणि ठिसूळ होतो. त्याला वठणीवर आणायला दुसरे टेम्परिंग.

१९९८ साली आमच्याकडे नव्या डायचे इन्सर्ट बाहेरून हीट ट्रीटमेंट होऊन आले. कडकपणा ४४ ते ४८ रॉकवेल हवा होता. सर्टिफिकेटवर ४६ पाहिले, सही केली, माल आत घेतला. चार हजार शॉटच्या आतच इन्सर्ट आरपार चिरला.

आळ ऑपरेटरवर आला. सोलापूरकडचा पोरगा, कंत्राटी. थंड पोलाद जास्त ठिसूळ असते, म्हणून पहिल्या शॉटआधी डाय गॅसच्या बर्नरने दोनशे अंशांच्या आसपास तापवतात. याने घाई केली असणार, असे ठरले. दीड तास बर्नर लावला होता, असे तो सांगत राहिला. दुसऱ्या दिवसापासून त्याला गेटच्या आत घेतले नाही.

महिनाअखेर फायली लावताना ते सर्टिफिकेट पुन्हा हातात आले. पहिल्या टेम्परिंगचा रकाना भरलेला, दुसऱ्याचा कोरा. विचारणा झाली तेव्हा ते केलेच नव्हते, असे निघाले. कडकपणाचा आकडा एका टेम्परिंगनंतरही बरोबर येऊ शकतो. आजोबांना रंग ओळखावा लागे. मला फक्त एक रकाना वाचायचा होता.

कागद घेऊन मी साहेबांकडे गेलो आणि आधी माझी सही दाखवली. हीट ट्रीटमेंटवाल्याच्या बिलातून रक्कम कापली गेली. पोराला मात्र कोणी बोलावले नाही. मी दोनदा विषय काढला, तिसऱ्यांदा काढला नाही.

तेव्हापासून भट्टीचा आलेख पाहिल्याशिवाय मी इन्सर्ट उतरवून घेत नाही. प्रत्येक डायचे कार्डही ठेवतो. काही हजार शॉट झाले की डाय उतरवून शेवटच्या टेम्परिंगपेक्षा २५-३० अंश कमी तापमानावर शेकायची, म्हणजे आत साठलेला ताण सुटतो. उत्पादनवाले मशीन उभे राहते म्हणून कुरकुरतात. कुरकुरू देत.

२००४ साली चाकणला चहाच्या टपरीवर तो पोरगा भेटला. दुसऱ्या कारखान्यात पक्का झाला होता. मी त्याला कोऱ्या रकान्याचे सांगितले, माझ्या सहीचेही. तो बराच वेळ गप्प राहिला.

"भाई, मग नव्या इन्सर्टला दोनदा टेम्परिंग केलं?"

"केलं."

"किती चालला?"

"एक लाख आठ हजार."

"चांगला चालला," तो म्हणाला. चहाचे पैसे त्याने मला देऊ दिले नाहीत.