खारपाणपट्ट्यातले गोडे पाणी

दर्यापूर, अकोट, मूर्तिजापूर हा आपला पूर्णाकाठचा खारपाणपट्टा. येथे विहीर खणली तर पाणी लागते, पण ते खारे. पिकाला दिले तर जमीनच बिघडते. गोडे पाणी आभाळातून येते आणि वावरातून वाहून जाते. तेच अडवायला हवे.

महाराष्ट्र शासनाने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ ही योजना काढली. तीस मीटर लांब, तितकेच रुंद आणि तीन मीटर खोल तळे. बाजूंना उतार देऊनही त्यात २१ लाख लिटरांवर पाणी मावते. ऐन बोंडे धरताना पावसाने ताण दिला, तर एकरभर कपाशीला पाच सेंटिमीटर पाणी द्यायला दोन लाख लिटर लागते. आता तुम्हीच हिशेब करा.

त्या वेळी अनुदान होते जास्तीत जास्त ५०,००० रुपये. पण ते मिळे काम झाल्यावर. लहान शेतकरी अडतो तो इथेच. म्हणून मंजुरी आधी, खोदाई मागाहून. यंत्राचे भाडे चार शेजाऱ्यांनी मिळून ठरवा. आजचा दर तालुका कृषी कार्यालयात विचारा.

आणि गुरुजी, तळ्याचे घनफळ मुलांकडून फळ्यावर काढून घ्या. घरी जाऊन तीच बापाला सांगतील.