न उघडणारे कुलूप

(संस्थेच्या वार्षिक समारंभात केलेल्या भाषणाचे लेखी रूप)



मी इतिहास आणि मराठी शिकवितो. संगणकाची पदवी मजजवळ नाही. तेव्हा या विषयावर मी बोलावे याचे तुम्हांला नवल वाटेल. पण गेल्या पावसाळ्यात एका रात्री साडेअकराच्या सुमारास आपल्या तीर्थपुरीच्याच एका माजी विद्यार्थ्याचा मला पुण्याहून फोन आला. त्याच्या वडिलांची सायकल दुरुस्तीची टपरी आहे. मुलगा संगणक शिकून पुण्याला एका कंपनीत लागला, तेव्हा मोहल्ल्यात पेढे वाटले होते. नोकरीला जेमतेम चार महिने झाले होते, अजून कायमही झाला नव्हता. तो म्हणाला, "सर, माझी नोकरी जाणार. अब्बांना अजून सांगितलं नाही."

काय झाले ते त्याने सांगितले. मला त्यातले निम्मेही समजले नाही. पुढे तो सुट्टीत आला तेव्हा माझ्या घरी बसून त्याने ते पाटीवर काढून समजावले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

मोठ्या कंपनीत संगणक दोन-चार नसतात, शेकडो असतात. प्रत्येकाजवळ जाऊन तेच तेच काम करणे माणसाला शक्य नाही. म्हणून एका ठिकाणी कामांची यादी लिहून ठेवतात आणि एक प्रणाली ती यादी वाचून सर्व संगणकांवर ते काम आपोआप करते. 'अन्सिबल' ही अशीच एक प्रणाली. मायकेल डीहान यांनी ती 2012 साली तयार केली. 2015 साली ती रेड हॅट कंपनीने घेतली. या रेड हॅटचे एक कार्यालय पुण्यातही आहे.

आता अडचण पाहा. या यादीतील कामे करावयाची तर ठिकठिकाणचे पासवर्ड लागतात. यादी तर सर्व सहकाऱ्यांच्या सामायिक भांडारात असते. ती कोणीही वाचतो. मग पासवर्ड तिच्यात उघडा कसा लिहावा? यासाठी 2014 पासून अन्सिबलमध्ये 'व्हॉल्ट' नावाची सोय आहे. व्हॉल्ट म्हणजे तिजोरी. पासवर्ड तिच्यात ठेवला की यादीत नुसत्या अंकांची आणि अक्षरांची रांग दिसते. ती उघडावयास आणखी एक, मुख्य पासवर्ड लागतो. तो मात्र भांडारात ठेवावयाचा नाही.

दहावीच्या परीक्षेचे काम केलेल्या शिक्षकांना हे चटकन समजेल. प्रश्नपत्रिकांची मोहोरबंद पाकिटे परीरक्षक केंद्रावरून आपल्या केंद्रावर येतात. पाकीट सगळ्यांना दिसते, आतले कोणालाच दिसत नाही.

इतिहासाचा शिक्षक म्हणून एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. गुप्त लिपी फोडण्याची शास्त्रशुद्ध पद्धत लिहून ठेवणारा पहिला ज्ञात पंडित म्हणजे नवव्या शतकात बगदादमध्ये होऊन गेलेला अल्-किंदी. भाषेत कोणते अक्षर किती वेळा येते हे मोजा आणि गुप्त मजकुरातील चिन्हांशी ताडून पाहा, ही त्याची युक्ती. शेकडो वर्षे ती चालली. परंतु व्हॉल्टमध्ये वापरतात ती 'एईएस' पद्धत, जी अमेरिकेने 2001 साली प्रमाण मानली, तिच्यापुढे ही मोजणी चालत नाही. तिच्या किल्ल्यांची एकूण संख्या लिहावयाची तर 78 अंक लागतात. म्हणजे किल्ली हरवली तर कुलूप फोडणे हा मार्गच नाही.

आपल्या मुलाचे कुलूप त्या रात्री उघडेना. 'उकल झाली नाही', एवढेच यंत्र सांगत होते. त्याने तेच काम वीस वेळा पुन्हा करून पाहिले. घाबरलेला माणूस हेच करतो. दार लागले की तीच किल्ली जोर लावून फिरवीत बसतो. पण त्या एका वाक्याची दोन रूपे आहेत. किल्ली दिलीच नाही असे यंत्र म्हणत असेल, तर किल्लीची फाईल कोठे आहे हे त्याला सांगितलेले नाही. दिलेल्या किल्ल्यांपैकी एकही लागली नाही असे म्हणत असेल, तर किल्ली चुकीची आहे, किंवा कुलूपबंद मजकुरातले एखादे अक्षर कोणाच्या हातून बदलले आहे. या दोहोंतले कोणते, ते यंत्र सांगू शकत नाही, कारण त्याच्या दृष्टीने दोन्ही सारखेच.

येथे तपासण्याचा क्रम असतो. आधी मजकुराची पहिली ओळ वाचावयाची. ती उघडी असते. हा मजकूर व्हॉल्टचा आहे आणि कोणत्या पद्धतीने बंद केला आहे, हे तिच्यात लिहिलेले असते. 2017 पासून तर तिच्यात किल्लीचे नावही लिहिता येते, म्हणजे सरावाच्या संगणकांची किल्ली कोणती आणि खऱ्या कामाची कोणती, हे कळते. मग सगळी यादी न चालविता तेवढी एकच फाईल उघडून पाहावयाची. त्यानंतर, ही फाईल शेवटी कोणी बदलली, हे भांडाराच्या नोंदीत पाहावयाचे. आपल्या मुलाने हे केले असते तर पाच मिनिटांत उलगडा होता. दोन दिवसांपूर्वी वरिष्ठांनी किल्ली बदलली होती. त्याच्याजवळ जुनी होती. फाईलमध्ये काही बिघाड नव्हता, त्याची किल्ली शिळी होती.

एका सहकाऱ्याकडून त्याने नवी किल्ली मिळविली. कुलूप उघडले. तरी काम होईना! आता माहितीकोश म्हणजे डेटाबेस सांगू लागला की पासवर्ड चुकीचा आहे. त्याने पासवर्ड पुन्हा लिहून कुलूपबंद केला, तरी तेच. याचे कारण सकाळी कळले, आणि ते ऐकून मला हसावे की रडावे कळेना. पासवर्ड लिहून झाल्यावर सवयीने त्याने एंटरची कळ दाबली होती. तो एंटरही पासवर्डचाच भाग म्हणून तिजोरीत गेला. तो डोळ्यांना दिसत नाही, पण यंत्र मोजते. अन्सिबलच्या माहितीपुस्तिकेत याची स्पष्ट सूचना आहे. पण रात्री साडेदहाला पुस्तिका कोण वाचतो?

आणि मग त्याने ते केले, ज्यासाठी त्याचा फोन होता. वैतागून त्याने खरा पासवर्ड यादीत उघडा लिहिला आणि यादी सामायिक भांडारात चढविली. काम झाले. दहा मिनिटांनी भानावर येऊन त्याने ती ओळ पुसली. पण त्या भांडाराचा गुणच असा की ते प्रत्येक बदल जपून ठेवते. आजच्या पानावरून पुसले तरी कालचे पान तेथेच असते. आपल्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत खोडलेले जसे वाचता येते, तसेच.

"सर, कोणी पाहिलं नसेल. गप्प बसू का?" त्याने विचारले.

पालकहो, मला तंत्र समजत नव्हते, पण हा प्रश्न मी पंधरा वर्षे वर्गात ऐकतो आहे. फुटलेल्या काचेबद्दल ऐकतो, हरवलेल्या फीबद्दल ऐकतो. मी म्हणालो, "आत्ताच्या आत्ता वरिष्ठांना उठव." तो म्हणाला, रागावतील. मी म्हणालो, रागावू देत.

त्याने फोन केला. वरिष्ठ रागावलेच. पण अर्ध्या तासात माहितीकोशाचा पासवर्ड बदलला आणि उघडा पडलेला पासवर्ड निकामी झाला. ओळ पुसून काही साधत नाही. पासवर्ड बदलणे हाच त्यावर उपाय. मुलाची नोकरी राहिली. कायम होण्याची मुदत तीन महिन्यांनी लांबली.

गप्प बसण्याने काय होते त्याचे उदाहरण जगजाहीर आहे. 2016 साली उबर या टॅक्सी कंपनीच्या खासगी भांडारात चोर शिरले. तेथे त्यांना साठवणीच्या जागेची किल्ली उघडी लिहिलेली सापडली. तिने त्यांनी 5 कोटी 70 लाख प्रवासी व चालकांची माहिती नेली. कंपनीने चोरांना एक लाख डॉलर दिले आणि वर्षभर कोणाला सांगितले नाही. 2017 च्या नोव्हेंबरात ते उघड झाले. पुढे तडजोडीपोटी 14 कोटी 80 लाख डॉलर भरावे लागले, आणि कंपनीच्या सुरक्षाप्रमुखाला 2022 साली न्यायालयाने दोषी ठरविले. किल्ली उघडी ठेवण्याबद्दल नव्हे, चोरी लपविल्याबद्दल.

हे सगळे मोठ्या कंपन्यांचे झाले असे समजू नका. मी एका शाळेत पाहिले आहे: शासनाच्या प्रणालीवर विद्यार्थ्यांची माहिती भरावयाची, पासवर्ड कपाटाच्या आतल्या बाजूला चिकटविलेला, आणि ओटीपी जातो निवृत्त झालेल्या मुख्याध्यापकांच्या मोबाईलवर. ते हजला गेले होते. आम्ही शेवटच्या तारखेला हात जोडून बसलो.

किल्ली एकाच माणसाजवळ असावी की सगळ्यांजवळ, हा प्रश्न गणितानेही सोडविला आहे. 1979 साली आदी शामीर यांनी अशी रीत दाखविली की एका गुपिताचे पाच भाग पाच जणांना द्यावेत. कोणतेही तिघे एकत्र आले तरच गुपित उघडेल, दोघांना काहीही कळणार नाही. हॅशिकॉर्प या कंपनीच्या दुसऱ्या एका 'व्हॉल्ट'मध्ये नेमकी हीच सोय आहे. आपल्या संस्थेचे बँक खाते दोन सह्यांनी चालते, त्यामागचा विचार फारसा वेगळा नाही. ही रीत समजावयास अकरावी-बारावीचे बीजगणित पुरते. आपल्या विज्ञान शाखेच्या मुलामुलींनी ती गणिताच्या सरांकडून अवश्य समजून घ्यावी.

अन्सिबल विनामूल्य आहे. जुन्या लॅपटॉपवर लिनक्स घालून त्याचा सराव करता येतो. पासवर्ड खोटा घ्या, तिजोरीत ठेवा, मुद्दाम एंटर दाबा, किल्ली बदला, आणि यंत्र काय म्हणते ते वहीत लिहून काढा. तो मुलगा या उन्हाळ्यात पुन्हा येणार आहे. दोन दिवस सायंकाळी शाळेच्या ग्रंथालयात बसेन, असे त्याने कबूल केले आहे. ज्यांना शिकावयाचे आहे त्यांनी नाव माझ्याकडे द्यावे. मुलींनीही द्यावे, त्यांच्यासाठी पहिली रांग राखून ठेवतो.